कालच्या एक नंबरचं उत्तर

प्रदीप तायडेला तुम्ही सकाळी आठला विचारलं, "खामगावला येतोस का?" तर तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, मानसुद्धा हलवत नाही. सरळ निघून जातो. मग दुपारी तुम्ही भाजीवाल्याशी वांग्यांवरून हुज्जत घालत उभे असता, तेव्हा मागून आवाज येतो, "हाव. येतो. पण चारनंतर." भाजीवाल्याला वाटतं आपल्यालाच म्हणाले, आणि तो वांगी तोलायला घेतो.

नांदुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी इथल्या कॉलेजात संगणक शिकवतो. म्हणजे हजेरी घेतो, पेपर तपासतो आणि घरी येतो तेव्हा माझ्यात जेमतेम चहा पिण्याइतका जीव उरलेला असतो. अशा माणसाला शेजार कसला मिळावा? तर प्रश्नांना नंबर देणाऱ्याचा. "सर, तुमचा दोन नंबर अजून चालू हाय. तीनचं उत्तर, नाई." आता मी तीन नंबरला काय विचारलं होतं हे माझ्या बापाला तरी आठवेल का? शेवटी मी माझेच प्रश्न चिठ्ठीवर लिहून ती खिशात ठेवायला लागलो. पन्नाशीला आलेल्या माणसावर ही पाळी.

सकाळी त्याच्या फाटकापाशी उभं राहिलं की डोकं उठतं. समोर दूधवाला, कानाला फोन, फोनवर सिलिंडरवाला, आतून त्याची बायको वंदनावहिनी विचारतेय भाजी कशी झाली, आणि बाजूला मी. प्रदीप कोणालाच थांब म्हणत नाही. सगळ्यांशी एकाच दमात बोलतो. "एकच लिटर... हिरवं दार, टाकीच्या मागं... मीठ कमी हाय... सर, तुमचं एक नंबर, हाव." आणि गंमत म्हणजे दूधवाल्याचं उत्तर कधी सिलिंडरवाल्याला जात नाही. ज्याचं त्याला पोचतं. दाढीचंही तसंच. एक गाल झाला की त्याला काहीतरी सुचतं, तो जाऊन संगणकापुढं बसतो, आणि दुसरा गाल जेवणापर्यंत वाट बघतो. वहिनी म्हणतात, "मी लग्नाले हो म्हटलं त्याच दिवशी. यांचं उत्तर आलं तिसऱ्या दिवशी. तवर माह्या बापानं दुसरं स्थळ पाहून ठेवलं होतं."

त्याचं कामही नेमकं हेच आहे. तो घरी बसून जगभरच्या काही लोकांबरोबर एक लायब्ररी बनवतो. पुस्तकांची नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅमची. एकदा मी विचारलं, ही करते काय? त्या दिवशी त्यानं चक्क लगेच उत्तर दिलं. "सर, दोन कॉम्प्युटर एकमेकाशी सिधे बोलते. मधात कोणी सरपंच नाई. अन् एकाच तारेवर शंभर बोलणे, एकाच टायमाले." मला कळलं ते असं. आपल्याकडच्या काळीपिवळी जीपमध्ये मोताळ्याचे, मलकापूरचे, वाटेतल्या सगळ्या खेड्यांचे लोक एकत्र कोंबतात आणि ज्याला त्याला आपापल्या फाट्यावर उतरवतात, तसं काहीतरी. कोणाचं कोणात मिसळायचं नाही, आणि एकाची पिशवी अडकली म्हणून बाकीच्यांनी खोळंबायचं नाही. हे नीट चालतं का, ते पुन्हा पुन्हा चालवून तपासायचं, हा प्रदीपचा धंदा.

तर तीन महिन्यांपूर्वी त्याला एक खोड सापडली. शंभर बोलण्यांतल्या एखाद्या बोलण्याचा शेवटचा शब्द पोचायचा नाही. बाकी सगळं नीट, फक्त शेवटचं गायब. तेही दरवेळी नाही. तपासणी पाचशे वेळा सुरळीत पार पडायची आणि पाचशे एकाव्या वेळी कोलमडायची. प्रदीपनं त्या खोडीचा ध्यासच घेतला. "शेवटचा शब्द कुठी गेला?" हे त्याचं पालुपद झालं. दूधवाल्याला विचारायचा, मला विचारायचा, ताटातल्या वरणाला विचारायचा. डोळे खोल गेले. दोन्ही गाल वाट बघायला लागले.

त्याच्या त्या जगभरच्या मंडळींतल्या एकानं लिहिलं, तुझ्या गावाचं नेट खराब असेल. दुसऱ्यानं लिहिलं, शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर काढायची आहे, तोवर सापडलं तर ठीक, नाहीतर ही तपासणीच काढून टाकू. चोर सोडून संन्याशाला फाशी! प्रदीप त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला. आवाजात दम नव्हता.

"नेट खराब हाय, मान्य. पण सर, चांगल्या नेटवर त कोणीबी बोलते. खराब नेटवरच्या माणसाचा शब्द हरपला त तो माणूस खोटा?"

मी म्हटलं, चहा घे.

खोड पकडायची तर एक संगणक नांदुऱ्यात आणि दुसरा अगदी मठ्ठ नेटवर पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. मठ्ठ नेट म्हटल्यावर त्याला रोहिणखेड आठवलं. तिथं त्याचे वडील एकटेच राहतात. "तिथलं नेट फाट्यावर उतरते अन् पायी पायी गावात येते," तो म्हणाला. त्याला स्वतःला नांदुऱ्याची बाजू सोडता येईना, वहिनींची पाठ धरलेली. राहिलं कोण? सोमवारी त्यानं मला विचारलं. मीही सूड म्हणून मंगळवारी उत्तर दिलं, आणि बुधवारी, माझ्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, त्याचा लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन गाड्या बदलत, दुखरा गुडघा सांभाळत रोहिणखेडला पोचलो.

नामदेवबाबा तायडे रस्त्याच्या कामावर मुकादम होते. आता वय झालं आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाव सोडायला तयार नाहीत. बोलणं अतिशय सावकाश. आधी खाकरतात, मग छपराकडं बघतात, मग शब्द येतो. चहा देताना म्हणाले, "हा पोरगा पहिल्यापासून असाच. शाळेत जातांनी विचारलं, भाकर खातं का, त सांजच्याले येऊन हाव म्हणे."

अंगणात बाजेवर बसून आम्ही सुरू केलं. प्रदीपचा संगणक तिकडून एकदम शंभर बोलणी काढायचा. प्रत्येक बोलण्यात तो आपलं म्हणणं सांगायचा, 'माझं संपलं' म्हणायचा, आणि मग इकडच्या संगणकानं शेवटचं उत्तर द्यायचं. मी बटण दाबायचं आणि फोनवर आकडा सांगायचा.

"इकडून शंभर गेले," मी म्हणायचो.

"इकडं अठ्ठ्याण्णव आले. दोन गायब. शेवटचा शब्द कुठी गेला?"

पुन्हा. पुन्हा शंभर गेले, सत्त्याण्णव पोचले. असं अकरा-बारा वेळा झालं. ऊन बाजेवर चढलं, माझी पाठ मोडून आली. साधी खोड निदान दरवेळी सारखी तरी वागते, ही तेही नाही. मी प्रदीपला सांगितलं, दहा मिनिटं टेकू दे बाबा.

बरोबर एक वाजता नामदेवबाबांचा फोन वाजला. प्रदीप रोज एकला वडिलांना फोन करतो, एक दिवस चुकवत नाही, हे मला माहीत होतं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, जयभीम. गोळी घेतली? लाइट हाय? सरले चहा देला? बरं. ठेवतो मंग, जयभीम."

आणि खट्. बंद. म्हातारा अजून खाकरतच होता. त्यांनी फोन कानावरून काढला नाही. छपराकडं बघितलं आणि सावकाश म्हणाले, "जयभीम बापू. घेतली गोळी. तू जेवला का? वंदनाची पाठ कशी हाय? कवा येतं इकडं? फुरसत भेटली त येजो." मग फोन पुसला आणि कोनाड्यात पालथा ठेवला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, फोन तर कधीचा कट झाला होता."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तो घाईत रायते. कामाचा माणूस. मंग मी माह्यं माह्यं बोलून घेतो. नाई बोललं त गोळी पचत नाई." थोडं थांबून म्हणाले, "त्याले नका सांगू बरं, सर. उगीच जिवाले लावून घीन."

मी लॅपटॉपकडं बघितलं. लॅपटॉपवर तेच लिहिलेलं होतं. इकडून शंभर गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून आम्ही दोघं शहाणे ज्यासाठी डोकं फोडत होतो, ते या म्हाताऱ्याच्या कानाला रोज एकच्या ठोक्याला घडत होतं.

मी प्रदीपला फोन लावला. "ऐक. तुझी बाजू 'माझं संपलं' म्हणते, त्यानंतर ऐकत राहते का? की बोलून झालं की कानही बंद करते? उत्तर पटकन आलं तर दार लागायच्या आत येतं. सावकाश आलं तर बाहेरच राहतं."

मला वाटलं, झालं, आता संध्याकाळी उत्तर येईल. पण आलं.

"सर, ते बंद करायचं... ते मीच लिहेल हाय. दोन वर्षांपूर्वी. मले वाटलं, आपलं बोलणं झालं म्हणजे झालंच ना."

पाठीमागून वंदनावहिनींचा आवाज आला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

त्यानं ते दुरुस्त केलं. बोलून झालं तरी कान उघडा ठेवायचा, समोरचाही 'माझं संपलं' म्हणेपर्यंत. मग आम्ही पुन्हा चालवलं. शंभर गेले, शंभर आले. पुन्हा शंभर. पाच वाजेपर्यंत मी बटण दाबत राहिलो, एकही शब्द हरवला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, परतीच्या गाडीत मला नुसतं वाईट वाटत होतं. मी निघताना बाबांनी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या होत्या आणि पुन्हा एकदा म्हणाले होते, त्याले नका सांगू.

मी सांगितलं. माझ्या पोटात राहिलंच नाही. दारात लॅपटॉप दिला, शेंगा दिल्या आणि जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. दूधवाला हिशेबाचं विचारत होता, वहिनी आतून हाका मारत होत्या, फोन वाजत होता. प्रदीपनं कोणालाच काही उत्तर दिलं नाही. शेंगांची पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. मी घरी आलो आणि न जेवता झोपलो.

गुरुवारी सकाळी त्यानं जगभरच्या मंडळींना लिहून टाकलं की चूक गावाच्या नेटची नव्हती, माझीच होती, दुरुस्त केली आहे. तीन महिन्यांच्या मरणाला तिकडून एकानं 'छान'चा अंगठा पाठवला. बस्स. शुक्रवारच्या आवृत्तीत तपासणी राहिली.

दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. एक वाजला. त्याची खिडकी माझ्या ओट्याला लागून, ऐकायचं नाही म्हटलं तरी येतं. "बाबा, जयभीम. गोळी घेतली? लाइट हाय? ठेवतो मंग, जयभीम." नेहमीचंच. पण खट् झालं नाही. मी डोकावलो. प्रदीप फोन कानाला लावून भिंतीकडं तोंड करून बसला होता. वहिनींनी विचारलं, वाढू का? त्यानं हात वर केला. शेजाराच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा या माणसानं कोणाला तरी थांब म्हटलेलं मी बघितलं. मग तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसू लागला, आणि मी मागे सरकलो.

शुक्रवारी एकला मी मुद्दाम ओट्यावर जाऊन बसलो. लाज वाटली, पण बसलो. फोन लागला.

"बाबा, जयभीम. कालचे तुमचे उत्तर द्यायचे रायले. एक नंबर, हाव, जेवलो. दोन नंबर, वंदनाची पाठ बरी हाय. तीन नंबर, रविवारी येतो. दोघंबी येतो."

मग त्याचं बोलणं संपलं. तिकडून काहीच आवाज येईना. भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला, वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं फोनमधून खाकरल्याचा आवाज आला. प्रदीप वाट बघत बसून राहिला.