चिंतो रामाजीने लिहिलेल्या शिफारसपत्राची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. ऐकणाराने कान द्यावा, सांगणाराचे न्यून पोटात घालावे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, वैशाखमासी वर्तमान वर्तले ते ऐसे जे, कोण्या एका दौलतीत परराज्यांचे दप्तरी चिंतो रामाजी आणि बहिरो अनंत ऐसे दोघे जण पाठशाळेची पदवी घेऊन एकेच दिवशी उमेदवार राहिले. चिंतोपंत मोठे हुशार, चार भाषा मुखोद्गत, तहांची कलमे तोंडपाठ. आणि बहिरोपंत बोलताना अडखळत, परंतु ज्याला त्याला आवडत, हेच चिंतोपंतांस सलत असे. मग दोन वर्षे उमेदवारी जाहली आणि दक्षिणेचे दरबारी नवा वकील धाडणे प्राप्त झाले. चिंतोपंतांनी नवे पागोटे बांधविले, सासुरवाडीस कळविले, आणि थोरले वकील आबाजीपंत यांणी नाव उच्चारिले बहिरोचे! अरे देवा! चिंतोपंत मुखाने "वाहवा, बहिरोबा, नशीब काढलेत!" म्हणाले आणि आत जो तिळपापड जाहला तो काय सांगावा. दोन दिवस अन्न गोड लागेना.

त्या दप्तरी चाल ऐसी होती की, नव्या वकिलाचे शिफारसपत्र त्याचे जोडीदार उमेदवाराने लिहावे आणि थोरल्यांनी न वाचता मोर्तब करावे. कां की, संगतीचा माणूस जितके जाणतो तितके धनी जाणत नाही. वकील म्हणजे बुद्धीचा सागर, वाणीचा बृहस्पती, ऐसे लिहिण्याचा प्रघात. चिंतोपंत मनी म्हणाले, "थांब लेका, भर दरबारात तुझे पागोटे उतरवितो," आणि लिहिले की, "हा गृहस्थ बोलण्यात कच्चा. विचारले तेवढेच सांगतो. खोटे बोलू जाता याचे कान लाल होतात." आणि खलित्यात घालून रवाना केले. मग दक्षिणेस दरबार भरला आणि राजेसाहेबांनी पत्र ऐकिले आणि पोट धरून हसले. म्हणाले, "आजवर बारा वकील आले, बाराही बृहस्पती, आणि बाराही जणांनी आम्हांस फसविले. कान लाल होणारा हा पहिलाच! यास जवळ बसवा." मग सात वर्षे अडलेला तह एका महिन्यात सिद्धीस गेला. राजे प्रश्न पुसत आणि आधी कानांकडे पाहत.

मग बहिरोपंत पालखीत बसून परतले, ते घरी न जाता नीट चिंतोपंतांचे बैठकीपाशी आले आणि सर्वांदेखत वाकून म्हणाले, "चिंतोबा, लाज राखलीत! दुसऱ्याने खोटी स्तुती लिहिली असती आणि मी पहिल्याच दिवशी उघडा पडलो असतो." चिंतोपंतांस धड हसवेना, धड रडवेना. आबाजीपंत गहिवरले आणि म्हणाले, "उत्तरेचे वकिलातीस तुमचेच नाव योजिले होते. परंतु ऐसे पत्र लिहिणारा दुसरा कोठे मिळावा? आता सर्वांची पत्रे तुम्हीच लिहावी. दप्तरातून हलू नये." ऐसे बोलून पाठीवर थाप मारली.

ऐसी ही हकीकत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चिंतोपंतांनी तीस वर्षे त्याच बैठकीवर काढिली आणि त्यांचे पत्र घेऊन सत्तावीस जण पालखीत चढले. त्या प्रत्येकावर ते मनापासून जळले. त्यांचे स्वतःचे पत्र लिहावे, हे मात्र कोणास सुचले नाही.