कोनाड्यातली डागणी

रतनबाईनं चुलीत गोवऱ्या सारल्या, फुंकून फुंकून डोळे लाल केले आणि डागणी घ्यायला कोनाड्यात हात घातला. हाताला आलं ते नुसतं कोळिष्टक. मागं सून गोजरा उभी, तिच्या कडेवर बाळू पोट फुगून किंचाळतोय, आणि सासूच्या सासूपासून चालत आलेली डागणी गायब!

डागणी म्हणजे लोखंडी दांडा आणि टोकाला चंद्रकोर. त्या कोरीचं एक टोक तुटलेलं. लेकराचं पोट फुगलं की ती लाल करायची आणि बेंबीशेजारी टेकवायची. श्रीगोंद्याकडच्या त्या गावात निम्म्या पोटांवर रतनबाईची तुटकी कोर होती, आणि तिला तिचा पाटलाच्या शिक्क्याएवढा अभिमान होता. जगलेली लेकरं डागानं जगली. मेलेली देवानं नेली. हिशेब सरळ होता.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. भिंतीला भिंत लागून धाकट्या जावेचं, दगडाबाईचं घर. रतनबाई ओट्यावर उभी राहिली आणि मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जाईल अशी गरजली, "जिनं नेली तिचं हात झडतील! आन डागणी दगडीच्या घराबाहिर कुठं घावली, तर मी तिच्या उंबऱ्यावर डोकं टेकीन!"

गोजरा त्याच दिवशी पोर पदराखाली घेऊन भिंगारला माहेरी गेली. परत आली तेव्हा पोर खिदळत होतं. रतनबाईनं श्रेय खंडोबाला दिलं आणि शिव्या दगडाबाईला चालू ठेवल्या. रिकाम्या कोनाड्याकडं तर तिनं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, चुलीच्या इस्तवाची, निखाऱ्याची देवघेव तुटली. अगदीच नडलं, तर मधे एखादं पोर उभं करून त्याच्याशी बोलायचं.

पुढं जर्मनच्या लढाईच्या दिवसांत पुंजाराम मास्तरांनी टूम काढली. नगरच्या एका दवाखान्यानं जुन्या औषधपाण्याच्या वस्तू एका खोलीत मांडल्यात, शाळेची पोरं तिथं न्यायची, सोबतीला घरची वडीलधारी माणसं. दगडाबाई नात विजीला घेऊन निघाली, म्हणून रतनबाईही छगन नातवाला घेऊन निघाली. कोळशावर चालणारी मोटार चढाला बंद पडली. दोघींनी ढकलली, एकीनं डावीकडून, एकीनं उजवीकडून.

खोलीत काचेची कपाटं होती आणि चांदभाई नावाचे म्हातारे कंपाउंडर छडीनं एकेक वस्तू दाखवत होते. "ही तुंबडी, वाईट रक्त वढायची. ह्या बरणीत जळवा ठिवायचे. आन हे बघा बच्चो, डाग द्यायचं हत्यार. आडानी लोक हे तापवून लेकराच्या पोटावर ठिवायचे."

"ठिवायचे म्हंजी?" रतनबाई फिस्कारली. "ठिवत्यात! आन आडानी कुनाला म्हनतूस रं?"

छगननं काचेला नाक लावलं होतं. "आजे, ही तर आपली डागणी! टोक तुटलंय बघ!"

"गप, मुडद्या. जगात काय एकच डागणी हाय?"

दगडाबाई जवळ सरकली. "विजे, छगनच्या आजीला म्हनावं, नीट बघ."

"छगन, विजीच्या आजीला सांग, आमची अशी नव्हतीच."

छगननं सांगितलं नाही, सदरा वर केला. बेंबीशेजारी तुटक्या टोकाची चंद्रकोर. एकानं केलं की दुसऱ्यानं करायचं ही पोरांची जातच, भराभर सदरे वर गेले. ज्याच्या त्याच्या पोटावर तीच कोर. चांदभाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. बाहेर ताटकळलेले रोगी आत घुसले आणि कपाटं सोडून पोटं बघू लागले. "झाका रे, झाका!" मास्तर ओरडत होते, पण स्वतःच्या पोटावर हात घट्ट दाबून.

"ही आनली कुनी, ठावं हाय?" चांदभाई म्हणाले. "एक लेकुरवाळी बाई. भिंगारची माहेरवाशीण. पोर आमच्यापुढं ठिवलं, पदराखालनं ही काढली. म्हनली, पोराला औषध द्या, आन ही कुनी मागाया आलं तर देऊ नका."

रतनबाईच्या डोळ्यांपुढं गोजरा आली, कडेवर किंचाळणारं पोर. सुनेनं सासूच्या घरात चोरी केली, हे गावासमोर कबूल करायचं? मेलं तरी नाही. तिनं पदर खोचला.

"मीच धाडली सुनंबरूबर. म्हनलं, चार लोकांला बघाया हुईल."

चांदभाईंनी हात जोडले. मास्तरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. रतनबाईची मान ताठ झाली, आणि तेवढ्यात दगडाबाई मधे पोर न घालता बोलली, "तूच धाडलीस, तर मग मला चोर का म्हनलीस?"

टाळ्या थांबल्या. रतनबाई खोटं एकच बोलली, तेही सुनेला झाकायला, आणि तेच नरडीला आलं.

गावी परतल्यावर ती बोलल्याप्रमाणं दगडाबाईच्या उंबऱ्याशी गेली. बघायला गाव होतंच. दुसऱ्याची मान वाकायची असली की कुणालाच काम नसतं. डोकं टेकलं, गाव तृप्त होऊन पांगलं. मग दगडाबाई हळूच म्हणाली, "ऊठ, आक्का. चोरायला मी आल्ते. पर कोनाडा आदीच रिकामा हुता."

रतनबाई ताडकन उठली. "म्हंजी माजं काय खोटं हुतं गं? बोलाव, समद्यांला माघारी बोलाव! माजं डोकं परत दे!"

"घे की."

"पर तुला डागणी कशापायी? तुज्या घरात कुनाचं पोट फुगलं हुतं?"

"तुज्या बाळूचं." दगडाबाई जोत्यावर टेकली. "माज्या लेकराला, भिमाजीला तू डाग दिलास, तवा त्याचं पाय मीच धरल्यालं. डाग वाळायच्या आदी गेला. देवानं नेला, म्हनलीस. मीबी तसंच म्हनत ऱ्हायले."

रतनबाई शेवटी म्हणाली, "इस्तू हाय का?"

दगडाबाईनं गोवरीच्या तुकड्यावर निखारा दिला. घर भिंतीपलीकडंच, पण तेवढ्या वाटेत निखारा घसरला आणि मनगटाला चरचरून चटका बसला. रतनबाई मनगट पदरात धरून घरात शिरली.

"अगं बया, आत्याबाई!" गोजरा धावली. कोनाड्यात हात घालून तिनं मलमाची डबी काढली. डबीमागं दवाखान्याच्या बाटल्यांची ओळ उभी होती.

"हे कवापास्नं हाय तितं?"

गोजरानं डबीचं झाकण उघडलं.

"लाव," रतनबाईनं मनगट पुढं केलं. "आन त्या दगडीला कळू देऊ नगंस."

भिंतीपलीकडून आवाज आला, "जाड थर लाव गं, गोजरे. कातडी जाड हाय तिची."