तिसऱ्या रांगेतला शुभेच्छुक

तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण कुठल्या पुढाऱ्याचा चहासुद्धा प्यायलो नाही, असं मी आमच्या अकोल्याच्या कार्यालयात छातीठोकपणे सांगत असे! सरकारी माणसानं राजकारणापासून लांब राहावं असा नियमच आहे. मी तो इतका पाळला की मत कुणाला दिलं हे बायकोलाही कधी सांगितलं नाही. निवृत्तीला वीस दिवस उरले असताना महापालिकेची निवडणूक लागली, आणि माझ्या या लौकिकामुळेच साहेबांनी मला आचारसंहितेच्या पथकाचा प्रमुख केलं.

काम सोपं होतं. पुढाऱ्यांचे बॅनर उतरवायचे, सोबतच्या कॅमेरावाल्यानं चित्रीकरण करायचं. जठारपेठेत बेबीताईंच्या वाढदिवसाचा बॅनर होता. बेबीताई म्हणजे आमच्याच प्रभागातल्या उमेदवार. वर त्या हात जोडून, खाली बेचाळीस शुभेच्छुक. तिसऱ्या रांगेत, लेकीच्या लग्नातला फेटा बांधून, मी.

चौकशी लागली की पेन्शन अडकते, हे मीच आजवर कितीतरी जणांना समजावलं होतं. शिपायाला बाजूला सारून मी स्वतः शिडीवर चढलो, ब्लेडनं तेवढा माझा चेहरा कापला आणि खिशात घातला. आपण आख्खा बॅनर उतरवायला आलोय, हे खाली आल्यावर आठवलं. कॅमेरा चालू होता. पानठेल्यावरच्या चौघांचे मोबाइलही.

संध्याकाळपर्यंत त्या भोकाचा फोटो अकोलाभर फिरला. बेबीताईंची माणसं म्हणाली, यानं दुष्मनीनं बॅनर फाडला. समोरच्या उमेदवार आशाबाईंची माणसं म्हणाली, यानं कुणाला तरी लपवलं. दोन्ही तक्रारी माझ्याच नावावर. तरी भोकातला माणूस कोण, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. ती उणीव माझ्या साळ्यानं, खुशालरावनं भरून काढली. बॅनर छापून घेणारा तोच. भाऊजींचा अपमान झाला म्हणून त्यानं मूळ बॅनर प्रभागाच्या ग्रुपवर टाकला, माझ्या फेट्याभोवती लाल गोल काढून.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. फोटो मला न विचारता छापला, असा मी खुलासा दिला. साहेबांनी खुशालरावला बोलावलं. मी बाजूला उभा.

"यांना विचारलं होतं?"

"नाही जी. इचारत बसलो तं बॅनर कवा छापाचा? मी कोणालेच इचारत नाही."

"बेचाळीसांपैकी कुणालाच?"

"दोघं तं वारले, सायेब. त्याइले कसं इचारू?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. चौकशी केली तर खरंच दोघं मयत निघाले. दाखले फायलीला लागले. मयतांनी राजकारणात भाग घेतला नाही हे मान्य झालं, मग माझंही मान्य करावं लागलं. ब्लेडबद्दल तोंडी ताकीद मिळाली, पेन्शन वाचली.

निवृत्तीच्या दिवशीही आचारसंहिता होतीच. दुपारी शिपाई धावत आला. कार्यालयाच्या गेटसमोर नवा बॅनर! 'भाऊजींना सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा.' वर फेट्यासकट चार फुटांचा मी. खाली शुभेच्छुकांच्या पहिल्या रांगेत बेबीताई, आणि त्यांना खेटून आशाबाई.

"यावेळेस दोघीबी घेतल्या, भाऊजी," खुशालराव म्हणाला, "कोणी बोट ठेवू नये म्हणून."

साहेब खिडकीतून बघत होते. सहा वाजेपर्यंत मी सरकारी नोकर होतो. शिडी मागवली आणि यावेळी आख्खा बॅनर उतरवला. शिडी खुशालरावनंच धरली होती. कॅमेरावाल्याला तो खालून सांगत होता, "भाऊजीचा चेहरा बराबर घेजो. पुढच्या बॅनरले लागते."