पेडल गिटारीचं पहिलं माहेरपण

करमाळ्याच्या मुक्कामात सॅम्युएल रणभिसे यांच्या पेडल गिटारीने माहेरी जायचं म्हणून तिसरं पेडल धरून ठेवलं. दौऱ्यावर असं व्हायचंच. कधी ढोलकीची शाई जाते, कधी गायिकेचा घसा बसतो. फक्त वेळ तेवढी वाईट होती, कारण जत्रांचा हंगाम नुकताच कुठे सुरू झाला होता.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेडल गिटार कुणी गळ्यात अडकवत नाही. ती चार पायांवर टेबलासारखी उभी असते. वर तारा, खाली पेडलं आणि मध्ये सळयांचं जाळं. पेडल दाबलं की सळई तार ओढते आणि सूर सरकत सरकत वर चढतो. त्यातलं तिसरं पेडल तर हमखास रडवणारं. सूरपाखरं ऑर्केस्ट्रातली सॅम्युएलरावांची सगळी अब्रू त्या एका पेडलावर होती.

त्यांनी सळईला तेल दिलं. स्प्रिंग बदलली. नट सैल केला, परत आवळला. पेडल काही हलेना. शेवटी ते गिटारीखाली उताणे झोपून आत बघायला लागले, तेव्हा गिटार म्हणाली, "उगाच घाम गाळू नका. मला काहीएक झालेलं नाही."

"मग पाय का आखडलास?"

"इतकी वर्षं नांदतेय तुमच्याकडे. एकदा तरी माहेरचा मुराळी मला न्यायला आला का? नाही आला, तर तुम्ही त्यांना कळवलंत का?"

कळवलं नव्हतं हे खरंच होतं. तिचं माहेर इचलकरंजीचं. तिथले बाळगोंडा मगदूम यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचे, आणि मागाच्याच सळया-स्प्रिंगा जोडून त्यांनी ही गिटार घडवली होती. देताना म्हातारा ढसाढसा रडला होता.

ऑर्केस्ट्राचे मालक अण्णा बुरांडे यांनी सगळं ऐकून घेतलं. "सॅम्या, शनिवारी बार्शी आहे. तोवर पेडल हाललं पाहिजे. नाहीतर प्रज्वलच्या कीबोर्डात गिटारीचं बटण आहे, ते दाबू. मग टेम्पोत तुझी जागा तरी कशाला अडवायची? आधीच सांगितलेलं बरं."

पिकल्या केसांच्या गिटारवाल्याला दुसरा कुठला ऑर्केस्ट्रा घेणार? सॅम्युएलरावांनी नगरला बायकोला फोन लावला. सुवार्ताबाईंनी एका दमात निकाल दिला.

"अहो, पाठवा की तिला!"

"आणि बार्शी?"

"बार्शी कुठं पळून चाललीय? पण हे बघा, मुराळी आल्याशिवाय पाठवू नका. टेम्पोत घालून सोडून आलात, तर बायको टाकली असं म्हणतील लोक."

निरोप गेला आणि मगदूम स्वतःच एसटीने आले. हातात पान्यांची पिशवी बघून अण्णांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला.

"नको. लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाई आमी," मगदूम म्हणाले.

"बरं, चहा राहू द्या. तेवढा नट पिळा. तुमच्या डाव्या हातचा मळ."

"काय बोलायलाय अण्णा? बापानं लेकीच्या सासरी पाना काढला, तर चारचौघांत काय अर्थ निघंल? पोरीचं इथं धड चाललं न्हाई, असाच न्हवं? घरी न्हेतो, कोडकौतुक करतो, मग बघतो काय दुखतंय ते."

"किती दिवस?"

"पयलं माहेरपण हाय. सव्वा महिना."

तेवढ्या दिवसांत जत्रांचा हंगाम उलटून जाणार होता. अण्णांनी सॅम्युएलरावांना बाजूला घेतलं. "हातोडीची एक ठेवून दे पेडलावर. नवरा आहेस ना तू तिचा?"

"म्हणून तर नाही देणार," सॅम्युएलराव म्हणाले, आणि असं बोलल्यावर स्वतःच घाबरले.

मग सगळं रीतसर झालं. गायिका शालनताईंनी गिटारीची ओटी भरली. तांदूळ तारांमधून थेट सळयांच्या जाळ्यात गेले. मगदूम कळवळले, पण "असू दे, घरी जाऊन निवडतो," एवढंच म्हणाले. लेकीला त्यांनी एसटीत खिडकीशी बसवलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत सॅम्युएलराव हात हलवत होते आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बार्शीचं मैदान खच्चून भरलं. सॅम्युएलराव पडद्यामागे वळकटीवर बसून होते. पुढे कीबोर्डाने गिटारीचा आवाज काढला. बरा होता मेला, पण डालड्यातल्या शिऱ्यासारखा. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो थांबला. प्रज्वलने वायर तपासली. वीज होती.

"मला काहीएक झालेलं नाही," कीबोर्ड म्हणाला. "परवा ओटी भरताना बघत होतो. मला कधी कुणी विचारलं का?"

"अरे, पुरुषाला कसलं आलंय माहेर?" अण्णा स्टेजवरच कडाडले.

"मी इथं घरजावई. घरजावयाला आईबाप नसतात का?"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता. अण्णांनी विचारलं, माहेर कुठलं? प्रज्वलने कीबोर्ड उलटा केला आणि पाठीवरचा पत्ता वाचून दाखवला. जपान.

अण्णा धावत पडद्यामागे आले. "सॅम्या, आत्ता नीघ, तिला घेऊन ये. टेम्पोतली जागा तुझी, मरेपर्यंत तुझी!"

सॅम्युएलरावांना हेच तर हवं होतं. त्यांनी इचलकरंजीला फोन लावला. मगदूमांनी फोन गिटारीजवळ धरला. तिने आधी तिसरं पेडल दाबून दाखवलं. सूर कसा लोण्यासारखा वर गेला.

"बाबांनी आज सगळे तांदूळ वेचून काढले," ती म्हणाली. "अंगणात उन्हाला पडून होते नुसती. आवाज असा का येतोय तुमचा? निघू का मी?"

सॅम्युएलरावांनी अण्णांकडे पाहिलं. "नको गं. राहा. सव्वा महिना पुरा कर."

"अरे गाढवा!" अण्णा ओरडले.

तोवर सॅम्युएलराव स्टेजवर पोचले होते. हात मोकळे, पाय मोकळे. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी माइकसमोर ओठ गोल केले आणि शीळ घातली. गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच त्यांनी सूर उचलला आणि सरकवत सरकवत वर नेला. मग पदराने डोळे टिपत पुढच्या बायकाच आधी ओरडल्या, "वन्स मोअर!"

तिसऱ्या वन्स मोअरनंतर अण्णांनी सॅम्युएलरावांना स्वतःच्या हाताने पाणी दिलं आणि म्हणाले, "सव्वा महिना ओठांना तूप लावत जा." मग त्यांनी माइक घेतला, घसा खाकरला आणि बार्शीकरांना अदबीने विचारलं, की आपल्यापैकी कुणाचे पाहुणे जपानला आहेत का, मुराळ्यासाठी निरोप द्यायचा आहे.

मागच्या रांगेतून एक हात वर झाला.