शमुवेलकाकांचा रविवार

आमच्या शेजारच्या शमुवेलकाकांनी बायकोच्या कबरीवर दगड बसवू दिला नाही. वर्ष झालं तेव्हा मुलीनं चांगला नाव कोरलेला दगड आणला होता. टेम्पो कब्रस्तानाच्या फाटकात आला आणि काका आडवे उभे राहिले.

"उठताना डोक्याला लागंल की तिच्या," म्हणाले.

टेम्पो दगडासकट परत गेला.

सुशीलाकाकू उठणार होत्या. तारीखही ठरली होती, मे महिन्यातला दुसरा रविवार. काकांनी सगळा जन्म एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करण्यात घालवला. काकू गेल्यावर मात्र त्यांनी काम सोडलं आणि बायबल उघडलं. दानिएलाच्या पुस्तकातले दिवस, आठवडे, त्यातल्या श्वापदांची शिंगं, सगळं एका वहीत मांडलं. मोबाइलवर कुणी उपदेशक बोलायचा, त्याचे आकडे मिळवले, आणि मेलेले कधी उठणार ते काढलं. वही माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघ बे, कुटं चूक काड."

मी बीकॉम. शिंगं मिळवायची की वजा करायची, हेच मला कळेना.

चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले. "काका, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं बायबलातच लिहिलंय."

"कुनाला न्हाय म्हंजे तुमाला न्हाय," काका म्हणाले. चहा मात्र दिला.

त्या रविवारी त्यांनी गुळगुळीत दाढी केली, काकूंचा चष्मा आणि चपला पिशवीत घातल्या आणि निघाले. ऊन मी म्हणत होतं. एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही गेलो.

बारा वाजले. एक वाजला. कब्रस्तानात आम्ही दोघं आणि चरायला आलेली एक शेळी. तीनच्या सुमारास पाळकसाहेब आले. कबरीकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "चला काका, घरी चला."

"हिशोब माझा चुकला आसंल. देवाचा न्हाय. तुमी जावा."

ते गेले. काका तिथंच मातीत बसून राहिले. बऱ्याच वेळानं माझ्याकडं न बघता बोलले, "गेली त्या दिवशी सकाळी म्हनली होती, आज कामावर जाऊ नका, जीव घाबरा होतोय. कारखान्यातनं फोन आलावता. मी म्हनलो, तासात येतो."

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"सांजंला आलो बे. तेवडंच सांगायचं होतं तिला. मग परत झोपली असती तरी चाललं असतं."

थोड्या वेळानं ते कबरीशी वाकले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. मी उठून फाटकापाशी जाऊन थांबलो.