शिंकेला तीन हिरव्या खुणा

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. बरं, थोड्या फुशारकीनेच सांगतोय! पण माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो पुरावा दीडशे लोकांनी खुर्च्यांवर बसून पाहिलाय.

माझी बायको नर्तिका. चार महिने ती पंधरा मिनिटांचा एकटीचा नाच बसवत होती. विषय: घरात कुणाची तरी वाट पाहणारी बाई. तालीम आमच्याच दिवाणखान्यात. त्यासाठी सोफा स्वयंपाकघराच्या दाराला लावलेला, त्यामुळे साधं पाणी प्यायचं तरी आधी सोफा चढून उतरावा लागे. अशात एका नाट्यगृहाने जाहीर केलं, की नव्या कलाकारांचे प्रयोग बघून त्यांतल्या एकाला वर्षभर तालमीची खोली मोफत देऊ. बायकोला ती खोली जिवापाड हवी होती. मलाही हवी होती. मी सोफ्याच्या बाजूने होतो.

"पण हा नाच कुठे लिहून ठेवलायस का?" मी विचारलं.

"नाच काय लिहायचा? अंगात आहे माझ्या!"

झालं! मला काम मिळालं. मी शोधून शोधून एक सॉफ्टवेअर काढलं. एकदम मुक्त! म्हणजे फुकट तर होतंच, वर त्याची आतली रचनाही उघडी. कुणीही वापरावं, कुणीही बदलावं. पडद्याच्या एका बाजूला तालमीचं चित्रण चालतं, दुसऱ्या बाजूला कितव्या मिनिटाला काय झालं ते लिहायचं. लिहिणारे कितीही असोत, कुठूनही असोत. एकाने नोंद करायची, बाकीच्यांना पटली तर त्यांनी हिरवी खूण करायची. शेवटी पक्क्या नोंदींची सगळी संहिता छापून हातात!

आमचे नोंदकर्ते तीन: मी, प्रयोगाचे दिवे सांभाळणारा लाइटवाला, आणि त्यांच्या घरून सासूबाई. मी कॅमेरा तिपाईवर लावला आणि एका सलग तालमीच्या एकशे अडतीस नोंदी केल्या. एकशे अडतीस! तिची पापणी लवली तरी मी लिहिली.

अडचण एकच आली. कलाकाराने स्वतः मंजूर केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही, असा त्या सॉफ्टवेअरचा नियम होता. आणि कलाकार म्हणाली, "मी नाचू, की तुमच्या त्या डब्यावर टिचक्या मारत बसू?"

मग मी आतली रचना उघडली. कुणीही बदलावं असं लिहिलंच होतं ना! एक ओळ पुसली, एक घातली. आता कुठल्याही तिघांच्या हिरव्या खुणा पडल्या की नोंद पक्की. लाइटवाल्याने एका चहात सगळ्या खुणा उरकल्या. सासूबाई तर लेकीने केलंय म्हणजे बरोबरच, या मताच्या. संध्याकाळपर्यंत एकशे अडतीसच्या एकशे अडतीस नोंदी हिरव्यागार! मला गहिवरून आलं.

प्रयोगाला चार दिवस उरले असताना बायको तालमीत गिरकी घेत मागे आली, कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायात तिचा पाय अडकला आणि घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे नाच बंद.

तिपाई कुणाची, हे त्या दिवशी आमच्या घरात अनेकदा सांगितलं गेलं. ते मी पुन्हा सांगत नाही. पण रात्री ती भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहिली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

"अगं, पण संहिता आहे की!" मी म्हणालो. "ताईंना बोलावू. त्या करतील."

ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. दुसऱ्या गावात नृत्य शिकवतात. शिस्त अशी, की औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं असलं तर घड्याळ लावून हलवतील. मी त्यांना संहिता आणि चित्रण पाठवलं. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"सगळं पाठ झालं. काय चोख लिहिलंय हो तुम्ही! एक शंकासुद्धा विचारावी लागली नाही."

बायकोने माझा हात हातात घेतला. "तुमच्यामुळे वाचले मी," ती म्हणाली. माझी छाती इतकी फुगली की शर्टाची चिंता वाटली.

ताईंची गाडी उशिरा आली. त्या नाट्यगृहात पोचल्या तेव्हा जेमतेम कपडे बदलायला वेळ उरला होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो, समोर तीच तिपाई. प्रत्यक्ष प्रयोगाचीही नोंद नको का? एका बाजूला पाय बांधलेली बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई. पहिल्या रांगेत निवड करणारे तिघे; मधल्या बाई जाड चष्म्याच्या आणि त्याहून जाड वहीच्या.

पहिली दोन मिनिटं अप्रतिम. मग ताई थबकल्या. मान वर. आणि—

"आक्‌छी!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "ताईला सर्दी झालीये?"

ताईंना सर्दी नव्हती. सर्दी त्या तालमीच्या दिवशी बायकोला होती. नोंद क्रमांक एकोणीस: 'शिंक. एकच. मोठी.'

"अजून काय काय लिहिलंयत?" ती कुजबुजली.

"सगळं," मी म्हणालो.

चौथ्या मिनिटाला ताई अचानक आत पळाल्या. रंगमंच रिकामा! अकरा सेकंदांनी हात पुसत परत आल्या. तालमीत तेव्हा दूध उतू चाललं होतं. सहाव्या मिनिटाला मिट्ट काळोख. तालमीत तेव्हा वीज गेली होती. सतरा सेकंद काळोख, आणि सतराव्या सेकंदाला लाइटवाल्याने दिवे लावले. कर्तव्यदक्ष माणूस!

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. चार महिने तिने एकेक बोट घासून बसवलं होतं, आणि मी तिच्या खोलीवर पाणी ओतलं होतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आणि तेवढ्यात मला आठवलं, की सर्वांत वाईट अजून व्हायचंय.

आठव्या मिनिटाला ताई पुढे आल्या. कमरेवर हात. नजर थेट तिसऱ्या रांगेवर.

"अहो! ती तिपाई हलवा आधी! किती वेळा सांगायचं?"

दीडशे माना वळल्या. आणि काय सांगू, बारा वर्षांच्या संसाराची सवय! मी ताडकन उठलो, "हो हो, हलवतो," असं म्हणालो, तिपाई उचलली, तिच्यात अडखळलो आणि सासूबाईंच्या मांडीत जाऊन बसलो.

हशाचा स्फोट झाला! टाळ्या वाजल्या! ताईंनी एक सुस्कारा टाकला (नोंद क्रमांक ब्याऐंशी) आणि पुढचा नाच असा काही केला, की हसणारे लोक हळूहळू गप्प झाले. शेवटी ती वाट पाहणारी बाई दाराशी बसते, तिथे चष्म्याच्या बाई चक्क डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर आम्ही आत धावलो.

"ताई, शिंक कशाला गं?" बायको रडवेली झाली होती.

"मलाही आधी वाटलं, चुकून शिंकली असशील. पण पाहते तर तीन हिरव्या खुणा!" ताई म्हणाल्या. "एक तर आईची होती."

"लेकीने केलंय म्हणजे बरोबरच," सासूबाई मांडी चोळत म्हणाल्या.

तेवढ्यात चष्म्याच्या बाई आल्या. "वाट पाहणाऱ्या बाईला दूध असतं, सर्दी असते, नवरा असतो, हे आजवर कुणी दाखवलंच नव्हतं! खोली तुमची. पण एक अट. प्रयोग जसाच्या तसा व्हायला हवा. एक शिंकही गाळायची नाही."

बायको रडत होती की हसत होती, मला कळेना. मग तिने मला मिठी मारली. मग चिमटाही काढला. दोन्हींची नोंद मी मनातच केली.

आता घोटा बरा झालाय. सोफा जागेवर आलाय. ती रोज नव्या खोलीत जाऊन हुकमी शिंकायचा सराव करते. आणि मी? मला प्रत्येक प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसून ओरडून घ्यावं लागतं, तिपाई उचलावी लागते आणि सासूबाईंच्या मांडीत पडावं लागतं. त्या आता उशी घेऊन येतात.

मी ती नोंद पुसून पाहिली हो! पण पुसायलाही आता तीन खुणा लागतात. माझी एक पडली आहे. उरलेल्या दोन खुणांसाठी बायको, ताई, सासूबाई आणि लाइटवाला, सगळ्यांना विचारून झालं. नियम फार कडक आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आणि तो बदलायचा कसा, हे ज्या माणसाला येतं, त्याचा पासवर्ड बायकोने बदललाय.