ऑप्शनास टाकिलेल्या तीन प्रकरणांची हकीकत

श्रीगजवदन आणि श्रीशारदा उभयतांस नमन करोन लिहिले ऐसे जे. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, पौष मासी बारावी कला शाखा नामे राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता येथे मांडिले असे.

राज्याचा विस्तार म्हणावा तर दुसऱ्या मजल्यावरील एक खोली, बाके एकवीस, प्रजा एकेचाळीस आणि पंखे दोन, त्यातील एक फिरे आणि दुसरा शोभेस टांगिला होता. गादीवर इतिहासाच्या बाई विद्युल्लताबाई चौगुले वीस वर्षे विराजमान होत्या. आवाज खणखणीत, शिस्त कडक, आणि लागोपाठ नऊ वर्षे विषयाचा निकाल शंभर टक्के लाविला, त्याचा फलक वेशीवर, म्हणजे फाटकावर, झळकत होता. या राज्यात एक वहिवाट होती ती ऐसी, की संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की बाईंनी पुस्तकाची अनुक्रमणिका उघडवावी, लाल पेन्सिल उचलावी आणि शेवटची तीन प्रकरणे, ज्यांत सन १९४५ नंतरचे जग होते, त्यांवर फुली मारून फर्मावावे, "हे ऑप्शनला!" आणि मग एकेचाळीस फुल्या एका दमात पडाव्या. परीक्षेत पर्यायी प्रश्न असतात, गाईड नामक ग्रंथात हमखास प्रश्न असतात, तेव्हा तीन प्रकरणे सोडिली तरी कोणाचे काही अडत नसे. त्याकारणे ही प्रजा फ्रान्सची क्रांती तोंडपाठ म्हणे, दोन्ही महायुद्धे तारीखवार लढे, आणि जपानावर बाँब पडला की जगाचा इतिहास तेथेच संपे. पुढे आपले आजे आणि आईबाप कोणत्या जगात जन्मले, याचा ठावठिकाणा कोणास नसे. बाई पूर्वी ऐशा नव्हत्या. नव्याने गादीवर आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा टांगिला होता, आणि जो जो देश स्वतंत्र झाला त्यावर पोरांकडून रंगीत कागद चिकटविला होता. मग त्या वर्षी निकाल ब्याऐंशीवर आला आणि प्राचार्यांनी चहास बोलावून गोड शब्दांत कान उपटिले, तेव्हापासून नकाशा कपाटावर गेला आणि लाल पेन्सिल हाती आली.

त्या वर्षी फुली पडण्याचे समयी तिसऱ्या बाकावरील प्रांजल खराडे उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या धड्यावर नका ना फुली मारू. ह्यात सुवेझचं आहे. माझे आजोबा होते तिकडं, निळी टोपी घालून." बाई हासोन बोलिल्या, "अगं, आजोबा पेपर तपासायला येणार आहेत का?" सारा दरबार खो खो हासला आणि प्रांजल खाली बसली. बाईंस आपला विनोद तेव्हा फार आवडला होता.

दुसरे दिवशी खासे आजोबाच आले. नाव दौलू खराडे, फौजेतून नाईक या हुद्द्यावर निवृत्त, वय एकुणऐंशी, इस्त्रीचा कोट, कोटावर दोन पदके आणि काखेत पत्र्याची पेटी. कचेरीबाहेरच्या बाकावर दोन तास बसले, परंतु पाठ भिंतीस लाविली नाही. मग बाई खडूच्या हातांनी बाहेर आल्या आणि बसा म्हणाल्या, तो आजोबा उठोन उभे राहिले.

"मी परांजलचा आज्जा. धा मिंटं द्या मला वर्गात, म्याडम. पोरीच्या पुस्तकात दीड ओळ हाय आमची, युनोच्या शांतिसेनेची, चष्मा लावून दोनदा वाचली. त्यात सुवेझ हाय, गाझा हाय, समदं हाय. माझा जोडीदार तेवढा न्हाई."

"जोडीदार?"

"एका ताटात जेवलो आमी. पहाऱ्यावर निघालो आन त्याचा पाय सुरुंगावर पडला. मी चार पावलं मागं हुतो. त्याचं नाव पोरास्नी एकदा सांगायचं हाय, दुसरं काय न्हाई."

"नाव काय त्यांचं?"

"असं उभ्याउभ्या न्हाई सांगायचं, म्याडम. घरात बी कंदी काढलं न्हाई. वर्गात सांगीन, पोरं उभी ऱ्हातील तवा."

बाईंची नजर घड्याळाकडे गेली. पूर्वपरीक्षा आठ दिवसांवर, हमखास प्रश्न अकरा उरलेले, दहावा फलक डोळ्यांपुढे. मग बोलिल्या, "बाबा, पूर्वपरीक्षा उरकू दे. मग तुमच्यासाठी अख्खा तास ठेवते. शब्द देते."

"बरं. इतकी वर्सं थांबलो, आनि म्हैनाभर काय," ऐसे म्हणोन आजोबांनी चहा घेतला, कडक सलाम केला आणि जिना उतरोन गेले.

मग माघ लागला, पूर्वपरीक्षा उरकली. बाई शब्दाच्या पक्क्या. नकाशा कपाटावरून उतरविला, स्वहस्ते धूळ झाडिली, तास नेमिला, आणि नेमिल्या दिवसाच्या आदले दिवशी प्रांजल रडत आली आणि म्हणाली, "मॅडम, आजोबांना झटका आला. बोलता येत नाही." उजवे अंग गेले होते आणि वाचा गेली होती. बाई बारा पोरे घेऊन खराड्यांचे घरी गेल्या. आजोबांनी ओळखिले, डोळ्यांनी पेटी दाखविली. आत निळी टोपी आणि एक छायाचित्र निघाले, त्यात वाळूत उभे चौदा जवान आणि पाठीमागे अक्षर एक नाही. आजोबांनी डाव्या हाताचे बोट दुसऱ्या रांगेतील एका हसऱ्या मुखावर ठेविले आणि तोंड उघडिले, परंतु आवाजाचे नाव होईना. तेव्हा पोरेच नावे घेऊ लागली. बाबू? शिवा? गणपत? रामू? केशव? म्हाताऱ्याने प्रत्येक नावास मान हलवोन नाही म्हणावे आणि पोरांनी पुढचे घ्यावे, ऐसे घटकाभर चालले आणि पोरांची नावे संपली. मग प्रांजलने त्यांचे डाव्या हाती पेन्सिल दिली आणि वही धरिली. आजोबांनी दात आवळोन जोर केला, आणि कागदावर एक आडवी, थरथरती रेघ तेवढी उमटली. बाईंस ते पाहवेना, त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. आपण काय केले हे त्यांस तेथे कळले. हमखास प्रश्न अकराही झाले होते, आणि त्यातील एकही त्यांस त्या क्षणी आठवेना.

फाल्गुनात, बोर्डाचे पेपर चालू असता, नाईक दौलू खराडे वारले. बाईंनी पलटणीच्या कचेरीस लांबलचक पत्र लिहिले. उत्तर अदबीचे आले, की सदर जोडीदाराच्या नावाचा शोध आम्ही अगत्याने घेऊ, परंतु त्याकरिता प्रथम नाव कळवावे. निकाल शंभर टक्के लागला, दहावा फलक वेशीवर चढला, आणि बाई त्या फाटकातून खाली मान घालून ये-जा करीत.

पुढील साली बाईंनी लाल पेन्सिल टाकोन दिली आणि पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून शिकविले. प्रांजल शहरास पुढील शिक्षणास गेली, जाताना ते छायाचित्र बाईंपाशी ठेवोन गेली, ते नकाशाशेजारी भिंतीवर आहे. मग पूर्वपरीक्षा आली, आणि बाईंनी पहिलाच प्रश्न घातला, रिकाम्या जागा भरा: गाझाच्या वाळूत पहाऱ्यावर असता नाईक दौलू खराडे यांचे जोडीदार __________ हे कामी आले. गुण एक. प्रजेने ती जागा कोरी सोडिली. प्राचार्यांनी उत्तरसूची पाहिली, तो तेथेही कोरेच, मग बाईंस बोलावोन विचारिले, "बाई, ह्याचं उत्तर लिहायचं राहिलं का? की उत्तरच नाही?"

बाई बोलिल्या, "उत्तर होतं, सर. इथंच बाहेरच्या बाकावर दोन तास बसलं होतं. मीच त्याला परीक्षेनंतर ये म्हटलं."

ऐसी ही हकीकत. राज्य होते तेथेच आहे, पंखा एकच फिरतो, फलक अकरावा काही चढला नाही. प्रश्न दरसाल पडतो, आणि जागा दरसाल कोरी राहते. लेखनसीमा.